वार बघून खाणारी माणसं

आमच्या घरी रात्री काय शिजणार हे भूक ठरवत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्तगुरूंचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या तीन वारांतून एकादश्या, श्रावण, नवरात्र आणि सासरचे कुळाचार वजा केले की मासळी खायला जे दिवस शिल्लक राहतात, ते मला तोंडपाठ आहेत.

कॅरिबियन बेटांवर निघताना हे कॅलेंडर मी मनोमन घरीच ठेवलं होतं. पण बरोबर बायको होती, तिचे मामा होते (१९७१च्या वेस्ट इंडीजच्या क्रिकेट दौऱ्यातून मनाने अजून परत न आलेले), आणि मामी होत्या. मामींच्या पर्समध्ये पंचांग होतं.

मजा अशी की ती बेटंही वार बघूनच खातात. बार्बाडोसमध्ये ऑइस्टिन्सच्या कोळीवाड्यात मासळीची जत्रा भरते ती शुक्रवारी रात्री. सेंट लुसियात ग्रोझ इले गावात रस्त्यावर नाचगाणं असतं, तेही शुक्रवारी. ग्रेनाडातल्या ग्वाव गावात 'फिश फ्रायडे', म्हणजे पुन्हा शुक्रवारच. ऑइस्टिन्सला एरवीही काही गाळे उघडे असतात, पण सगळं साग्रसंगीत हवं असेल तर दुसरा वार नाही. आमच्या वाट्याला बार्बाडोसचा एकच शुक्रवार आला आणि त्या शुक्रवारी संकष्टी निघाली.

मामांनी कायद्याचा मुद्दा काढला. "अहो, भारत साडेनऊ तास पुढे आहे. ठाण्यात आता शनिवार उजाडायला आला. तिथल्या लोकांनी चंद्र बघून, जेवून, भांडीसुद्धा घासली. आपण इथे शिळी संकष्टी कशाला पाळायची?"

"ठाण्याचा चंद्र मला इथून दिसत नाही," मामी म्हणाल्या. खटला तिथेच निकालात निघाला.

प्रश्न उरला चंद्रोदयाचा. पंचांगात मुंबई होती, पुणे होतं, नागपूर होतं, ब्रिजटाउन नव्हतं. फोनने वेळ सांगितली असती, पण फोनमधल्या चंद्राला नैवेद्य दाखवता येत नाही असं मामींचं मत. साधारण नऊ धरून आम्ही निघालो.

निघालो ते 'झेड-आर'ने. ही पांढरी, मरून पट्ट्याची छोटी व्हॅन. साडेतीन बार्बाडोस डॉलर द्यायचे आणि बसेल तिथे बसायचं. (त्यांचा डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरला दोन असा बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब मामांनाही जमतो.) आपल्या वडापमध्ये प्रचंड स्पीकर बसवला की झेड-आर तयार. मामी एका शाळकरी मुलाच्या दप्तरावर अर्ध्या टेकल्या होत्या आणि छातीच्या पिंजऱ्यात ढोल वाजत असताना अथर्वशीर्ष म्हणत होत्या.

ऑइस्टिन्स. काय सांगू! जाळावर मार्लिन, स्वोर्डफिश, माही-माही. तव्यावर उडते मासे. धूर, लिंबू, मसाला, आणि त्या सगळ्यावर समुद्राचा वारा. एकीकडे तरुणांचं कानठळ्या बसवणारं संगीत, तर दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या गाण्यांवर सत्तरीतली जोडपी इस्त्रीच्या कपड्यांत एकमेकांच्या कमरेला हात घालून संथ नाचताहेत. डॉमिनोची सोंगटी टेबलावर अशी आपटतात की शेजारच्याची बाटली उडते. आणि या स्वर्गात मी शहाळं घेऊन उभा.

मामींना माझी दया आली असावी. "जावईबापू, तुम्ही खा हो. तुम्हाला कुठे उपास आहे? फक्त आमच्यापासून जरा लांब बसा. आणि पूर्व कुठली ते बघून ठेवा."

म्हणून एका हातात मार्लिनचं ताट आणि दुसऱ्या हातात फोनचं होकायंत्र घेऊन मी धुरात पूर्व शोधत हिंडू लागलो. होकायंत्र पूर्व दाखवायचं, पूर्वेला ढग दिसायचे आणि मासा गार होत जायचा. गाळ्यावरच्या बाईंनी विचारलं, कोणाची वाट बघताय? म्हटलं, चंद्राची. त्यांनी मान डोलावली, ताटावर आणखी सॉस ओतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. शुक्रवारी रात्री रमच्या संगतीत त्यांनी याहून विचित्र उत्तरं ऐकली असणार.

साडेनऊनंतर ढग सरले. मामींनी हात जोडले, नैवेद्याला पर्समधला गुळाचा खडा दाखवला आणि आता जेवणाचं बघू म्हणाल्या. तेव्हा कुठे खरी परीक्षा सुरू झाली. मॅकरोनी पाय? "अंडं असतं, डार्लिंग." कोबीची कोशिंबीर? ती मेयॉनीजमध्ये, म्हणजे पुन्हा अंडं. मग भात दिसला, त्यात चक्क तुरीचे दाणे! मामींचा चेहरा उजळला. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की चवीसाठी त्यात खारवलेलं डुकराचं शेपूट घातलंय. मामी दोन पावलं मागे सरकल्या. शेवटी तळलेली पिकली केळी आणि भाजलेला बटाटा. मामा त्या बटाट्याकडे बघत म्हणाले, "गावसकरने काय खाल्लं असेल हो इथे?"

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे तिकडे 'पुडिंग अँड साउस'चा वार. पुडिंग रताळ्याचं असतं हे कुठूनसं कळताच मामी सकाळपासून खुशीत. मग साउस म्हणजे लिंबू-काकडीत मुरवलेलं डुकराचं मांस, आणि पुडिंग पूर्वी त्याच डुकराच्या आतड्यात भरून वाफवत, हेही कळलं. रताळं हा उपासाचा पदार्थ आहे यावरचा त्यांचा विश्वास कायमचा डळमळला. रात्री सेंट लॉरेन्स गॅपला गेलो. तिथले बार, नाचघरं सगळं ऐकून होतो, पण आम्ही गेलो साडेआठला आणि खरी जाग येते अकराच्या पुढे. मामा नऊला जांभया द्यायला लागले.

मग त्रिनिदाद. तिथे जायचं कारण एकच, पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथे. गावसकरांचं पदार्पणही त्याच सामन्यात आणि मालिकेच्या शेवटच्या कसोटीतल्या १२४ व २२० या खेळीही इथेच. मामा फाटकाबाहेर चप्पल काढायच्या बेतात होते. पण गावसकरांच्या त्या मालिकेतल्या ७७४ धावांनी पोट भरत नाही, म्हणून साडेसातला आम्ही जवळच्या अरियापिटा अव्हेन्यूवर. रस्ताभर बार आणि जाळावरची कोंबडी. रोटीची दुकानं दुपारचा धंदा आटोपून गेलेली.

एका शेगडीमागच्या बाईंनी मामींची नकाराची मान बघून विचारलं, "फास्टिंग?"

मामी थबकल्या. १८४५मध्ये फतेल रझाक जहाज भारतातून मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं, त्यानंतरही जहाजं येत राहिली. बहुतेक माणसं बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडची. त्यांची भाषा नातवंडांच्या तोंडून गेली, वार राहिले. आज मांस खात नाही, एवढं सांगायला तिथले हिंदू अजून 'फास्टिंग' म्हणतात. इतक्या बेटांवर मामींना शेवटी वार समजणारं माणूस भेटलं. त्या बाईंनी कोपरा दाखवला: तिथे डबल्सवाला येतो, पूर्ण शाकाहारी. फक्त तो बार सुटायच्या वेळेला येतो.

मग काय, बसलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. नऊला झोपणारे मामा पदपथावर बसून सोका, म्हणजे तिथलं नाचाचं संगीत, ऐकत होते आणि मान हलवत होते, ती तालावर की डुलकीने हे सांगता येत नव्हतं. शेवटी गाडी लागली. हळदीच्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये चण्याचा रस्सा, चिंच, काकडी, सगळं कागदात गुंडाळून. उभ्याने खायचं, बोटं माखायची.

"लसूण आहे का?" मामींनी विचारलं.

"आहे, आंटी."

मागे नाचून घामाघूम झालेल्या तरुणांची रांग लागली होती. मामींनी क्षणभर विचार केला. "चालेल. चातुर्मास कुठे लागलाय?"

पहिलं डबल्स संपायच्या आत त्यांनी दुसरं मागितलं, मामांनी तिसरं. मग बोटं चाटत मामांनी त्या माणसाला सकाळची वेळ विचारली. तो म्हणाला, सहाला याच कोपऱ्यावर भाऊ असतो, पण उशीर केलात तर संपतं.

मामांनी घड्याळ बघितलं. एक वाजून गेला होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "साडेपाचला निघू."