फळी हलते!

घराच्या बाहेरच्या भिंतीला उष्णतारोधक थर देऊन त्यावर पीव्हीसीच्या फळ्या चढवायच्या, एवढेच काम होते. जुने आवरण उतरले, पट्ट्या ठोकून झाल्या, त्यांच्यामध्ये ग्लासवूलचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीचे, थर बसले (त्याची खाज अजूनही माझ्या कोपरांत मुक्कामाला आहे), वरून पाणी अडवणारा पडदा लागला आणि फळ्याही चढल्या. येथवर सारे सुरळीत पार पडले, कारण शेजारचे काका परगावी गेले होते.

परतल्यावर काका थेट भिंतीपाशी आले. त्यांनी दोन बोटांनी एक फळी धरून डावीकडे-उजवीकडे सरकवून पाहिली. फळी सरकली. चोर मुद्देमालासह सापडल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरले.

“ही हलते.”

“हलायलाच हवी, काका.”

“भिंत हलायला हवी?”

“भिंत नव्हे, फळी. ऊन लागले की पीव्हीसी वाढते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ४ मीटरची फळी जवळपास १ सेंटीमीटर लांबते. म्हणून खिळा लांबट भोकाच्या मध्यावर मारायचा आणि त्याच्या डोक्याखाली मिलिमीटरभर फट सोडायची.”

“म्हणजे खिळा अर्धवट ठोकायचा आणि मजुरी पूर्ण द्यायची?”

“तसे नव्हे...”

“आमची भिंत ३५ वर्षांत जागची हललेली नाही. भिंत चालवणारे एकच होऊन गेले, आणि ते तुम्ही नव्हेत.”

त्यानंतर रोज सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून काका फळी हलवून दाखवू लागले. एका गृहस्थांनी तर ती स्वतः हलवून पाहिलीच, शिवाय कडेवरच्या नातवाकडूनही हलवून घेतली. न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या तेव्हा यांपैकी कोणीही फिरकले नव्हते. आतल्या कामाला निदान दार लावून घेता येते. बाहेरची भिंत मात्र, पैसे भरण्याचा क्षण वगळता, सार्वजनिक मालमत्ता असते.

याचेही मला फारसे वाईट वाटले नसते. वाईट वाटले ते मिस्त्रींचे. फळ्यांसोबत आलेल्या माहितीपत्रकातला मजकूर मी वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो जांभई देत ऐकला. काकांनी नुसते “हं” म्हणताच मात्र त्यांच्या कारागिरीची अब्रू पणाला लागली. मी कामावर गेलो असताना त्यांनी सगळे खिळे घट्ट ठोकून टाकले. पुढच्याच कडक दुपारी, लांबायला जागा न उरलेल्या फळ्या मधोमध फुगल्या आणि सपाट भिंतीवर लाटा उठल्या.

“काकांनी सांगितले म्हणून घट्ट केले,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही म्हणत असाल तर सैल करू. त्याची मजुरी वेगळी पडेल.”

ज्याने सांगितले त्याच्याकडून ती घ्यावी, असे मी सुचवले, तेव्हा आपण इतका कोता विचार कसा करू शकता, अशा नजरेने दोघांनीही माझ्याकडे पाहिले. काकांच्या मते तर या लाटांनी त्यांचेच म्हणणे सिद्ध झाले होते: फळ्या मुळातच हलत्या होत्या.

खिळे उपटताना ज्यांची भोके फाटली, त्या फळ्या आता नव्या घ्याव्या लागणार आहेत, आणि त्या रंगाचा माल संपल्याचे दुकानदाराने कळवले आहे. त्यातल्या त्यात जवळची छटा कोणती, हे काकांनी मिस्त्रींना परस्पर सांगूनही टाकले आहे.