टॉनिक घेतलं होतं, साहेब

पुढे नाकाबंदी दिसली की गाडी वळवून पळायचा मोह होतो. तो आवरा. पळणाऱ्याचा नंबर वायरलेसवर जातो आणि एका कलमाची चार कलमं होतात. शांतपणे काच खाली करा आणि तोंडातली बडीशेप चावणं थांबवा. बडीशेप, वेलची, मसाला पान, कच्चा कांदा हे सगळे प्रयोग तुमच्या काकांनी आणि त्यांच्या काकांनी करून झालेत. मशीनला फुफ्फुसातली हवा लागते, आणि ती हवा रक्तातली दारू सोबत घेऊन येते. वेलचीने फार तर हवालदारसाहेबांना वेलची घातलेल्या दारूचा वास येईल.

फुंकणारच नाही म्हणता? बाणेदार विचार आहे, पण मोटार वाहन कायद्याने तोही आधीच करून ठेवलाय. नकार दिलात आणि वास येत असेल, तर वॉरंटशिवाय अटक होते, आणि पुढे खटल्यात तो नकारच तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. मग ‘साहेब, इथेच मिटवू’ असं कानात सांगावंसं वाटेल. पण सिग्नल तोडल्याचं चलन भरून सुटतात, तशी जागेवरची तडजोड कलम 185 ला, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलमाला, नाही. कोर्टात उभं राहावंच लागतं. म्हणजे बचाव लागणार, आणि बचावासाठी इतिहास.

इतिहासात आपले आद्यगुरू आहेत बेहराम खुर्शीद पेसिकाका. 29 मे 1951 ची रात्र. मुंबई राज्यात दारूबंदी. एक जीप कुलाब्याच्या दिशेने निघालेली. वाटेत तिने तीन माणसांना उडवलं. चालकाच्या तोंडाला दारूचा वास. आता हा चालक कोण असावा? मुंबई विभागाचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे गाडी कोणी चालवावी आणि कोणी नाही, हे ज्यांच्या कचेरीत ठरायचं, तेच साहेब.

साहेबांनी सांगितलं, मी दारू प्यायलो नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्या टॉनिकात 17 टक्के अल्कोहोल असायचं. एवढं बियरमध्येही नसतं, पण बियर प्यायल्याने अशक्तपणा जातो असं तिच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं ना! आणि मुहूर्त पाहा. बरोबर चार दिवस आधी, 25 मे 1951 ला, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात ठरवलं होतं की दारूबंदी कायद्याने अल्कोहोल असलेली औषधं घेण्यावर बंदी घालता येणार नाही. मॅजिस्ट्रेटने पेसिकाकांना सोडलं, उच्च न्यायालयाने एक महिन्याची सजा दिली, आणि 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तोंडाला वास होता हे खरं, पण तो बंदी असलेल्या दारूचाच होता, टॉनिकचा नव्हता, हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. ते झालं नाही.

निकाल तत्त्वाच्या दृष्टीने चोख आहे. गुन्हा सिद्ध करणं हे सरकारचंच काम. वकील मंडळी तो आजही आवडीने वाचतात. रद्द झालेला कायदा मेलेला असतो की नुसता निजलेला, यावर त्यात पानंच्या पानं खल आहे. जीपखाली आलेली तिघं सुरुवातीला येतात, आणि मग टॉनिकला वाट करून देतात.

तुम्ही लगेच औषधाच्या दुकानाकडे धावू नका. 1959 साली दारूबंदी कायदा सुधारला गेला, आणि रक्तात ठरावीक प्रमाण सापडलं तर ‘ते औषध होतं’ हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या कलमाला तर तुम्ही काय प्यायलात याच्याशी फारसं देणंघेणं नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की झालं, मग ते टॉनिकातून येवो, आसवातून येवो की मामाच्या लग्नातून. परमिटचा मुद्दा मात्र काढून बघा. महाराष्ट्रात दारूचं परमिट ‘आरोग्य राखण्यासाठी’ मिळतं, एका दिवसाचं तर पाच रुपयांत. म्हणजे तुम्ही पीत नव्हता, प्रकृतीची काळजी घेत होता, तीही सरकारदरबारी शुल्क भरून! न्यायाधीश हसले तर हसले. हसले म्हणजे सोडलं, असा गैरसमज करून घेऊ नका.

खरी मोकळी जागा दारूपलीकडच्या नशेत आहे. फुंकायचं मशीन गांजा ओळखत नाही, झोपेची गोळी ओळखत नाही, कोडीन घातलेलं खोकल्याचं औषधही ओळखत नाही. शिवाय कायद्याने दारूला जसा तिसाचा आकडा दिलाय, तसा गांजाला कुठलाच दिलेला नाही. कलम एवढंच म्हणतं की अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास असमर्थ असता कामा नये. आता ‘योग्य नियंत्रण’ म्हणजे काय, यावर तुमचे वकील दुपारच्या जेवणापर्यंत उलटतपासणी घेऊ शकतात. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर ते कोणाचं असतं, हेही विचारतील.

होळीचा दिवस असेल तर भांग आहेच. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्यात. तेव्हा ‘मी शंकराचा प्रसाद घेतला’ म्हणत तुम्ही त्या कायद्यातून ताठ मानेने बाहेर पडाल आणि मोटार वाहन कायद्याच्या दारात अडकाल. तिथे 2019 च्या दुरुस्तीने ‘अल्कोहोल सोडून कुठलाही मादक पदार्थ, नैसर्गिक वा कृत्रिम’ असं लांबरुंद जाळं टाकलंय. वर राज्याचा दारूबंदी कायदा आहे, त्याला भांगही चालत नाही.

सर्दीच्या गोळीचा बचाव त्यामानाने घरंदाज. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, पाकीट आणा, कोर्टापुढे ठेवा. ठेवताना पाकीट उलटं पडणार नाही एवढं बघा. ‘गुंगी येऊ शकते, वाहन चालवू नये’ असं मागच्या बाजूला छापलेलं असतं.

एवढ्यानेही जमलं नाही तर घड्याळावर भिस्त ठेवा. अटक झाल्यापासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. आणि सरकारी इस्पितळातली रात्र तुमच्याच बाजूची असते: केसपेपरची खिडकी बंद, ड्यूटीवरचे डॉक्टर अपघात विभागात, अपघात विभाग भरलेला. का भरलेला ते विचारू नका. इकडे यकृत दर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम उतरवत असतं, फी न घेता. रक्त घेतलंच, तर त्या कुपीवर नजर ठेवा. कोणी घेतलं, सील कोणी केलं, टिकवण्याचं रसायन घातलं का, फ्रिजमध्ये कधी गेलं, प्रयोगशाळेत कोणी नेलं. वांद्र्याच्या 2002 च्या अपघाताच्या, सलमान खानवरच्या गाजलेल्या खटल्यात याच प्रवासावर प्रश्न उभे राहिले, आणि गाडी मीच चालवत होतो असं सांगणारा ड्रायव्हर 2015 साली साक्षीच्या पिंजऱ्यात आला. तेरा वर्षं. आपला ड्रायव्हर तेरा वर्षं पगारावर ठेवायची ऐपत आहे का, याचा हिशोब आधी करा. त्याच वर्षी मे महिन्यात सत्र न्यायालयाने सलमानला पाच वर्षं सुनावली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं.

पुण्यात मे 2024 मध्ये तर कुपीतलं रक्तच बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी इस्पितळातले डॉक्टर अटकेत गेले. त्या प्रकरणात दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला होता, आणि अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला होता. जामिनाच्या अटींत एक होती अपघात या विषयावर 300 शब्दांचा निबंध. ओरड झाल्यावर तो जामीन फिरला, पण तुम्ही निबंध तयार ठेवा. तुमचं वय बेचाळीस असलं म्हणून काय झालं, शुद्धलेखन सुधारेल.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वेळी दंड 10,000 किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत किंवा दोन्ही. वकिलांची फी यात नाही. विमा कंपनी तुमच्या चेपलेल्या बॉनेटचा एक रुपया देणार नाही. ज्याला उडवलंत त्याची भरपाई ती भरेल आणि मग तुमच्याकडून वसूल करायला येईल, बहुतेक तुम्ही पूर्ण शुद्धीवर असताना.

असो. आता रांगेत तुमचा नंबर आलाय. हवालदारसाहेबांनी नळी पुढे केली आहे. खोल श्वास घ्या आणि फुंका. थांबू नका, बीप होईपर्यंत फुंका. आणि फुंकता फुंकता डाव्या पायाने ती टॉनिकची बाटली जरा सीटखाली सरकवा. झाकण नीट लागलेलं नाही, मगापासून गळतंय.