भद्रेश्वर कापू नका

जुनं नाटक बसवतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतोय, सर किती मिनिटांचं करणार? नाटकात काय आहे, कोण करतंय, कशाला करतंय हे सगळं नंतर. आधी मिनिटं. आता त्यात विचारणाऱ्याचं चुकतंय असं पण नाही, पूर्वी संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं ते पार पहाटेपर्यंत चालायचं, वन्समोअर आले की अजून लांबायचं, आज लोकांना सकाळी ड्युटी असतीया, परत जायला रिक्षा मिळाली पाहिजे आणि हॉलचं भाडं सत्रावर. त्यामुळं कापावं लागतंय. मी पण कापतो, आयुष्यभर कापत आलोय आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. माझं भांडण कापण्याशी नाहीच, काय कापतात त्याच्याशी आहे.

कुठल्याही होतकरू दिग्दर्शकाच्या हातात जुनी संहिता आणि पेन्सिल द्या आणि गंमत बघा. पहिल्यांदा कोण जातंय? शारदातल्या भद्रेश्वरासारखा लग्नं जमवणारा दलाल जातोय, दारुडे जातात, वैद्य जातोय, नोकर जातोय. म्हणजे ज्यांच्या तोंडी हशा आहे ते सगळे. का, तर म्हणे मेन स्टोरी पुढं सरकत नाही. आणि मग उरतंय काय, तर नायक रडतोय, नायिका रडतीया, मागनं व्हायोलिन. अशी नाटकं मी स्पर्धेत ढिगानं बघितली आणि लोक का कंटाळले म्हणून पोरं मलाच विचारायला येतात.

राम गणेश गडकऱ्यांचं एकच प्याला घ्या. सुधाकर वकील, कोर्टात अपमान झाला, सनद गेली, पहिला प्याला घेतला, वाटोळं झालं. बायको सिंधू सोसत राहिली, पोर गेलं, ती गेली, शेवटी यानं विष घेतलं. एवढंच ठेवलं तर ते दारूबंदी खात्याचं पोस्टर झालं की ओ! गडकऱ्यांनी त्यात दारुड्या तळीरामाचं आर्यमदिरा मंडळ घातलंय ते काय टाइमपास म्हणून नाही. ते लोक बसतात, पितात, वर दारूवर तत्त्वज्ञान झाडतात, नियम काय, भाषणं काय. प्रेक्षक पोट धरून हसतोय आणि हसता हसता त्याच बैठकीत जाऊन बसतोय, त्याला कळत पण नाही. आपल्याकडं अशा बैठका कमी आहेत का? तांबडा-पांढरा पुढ्यात आला की ह्यो बसला, त्यो बसला, आज सोडतोय उद्यापासनं, सगळं तेच. सुधाकर एकटा बुडत नाही, त्याला बुडवायला कंपनी लागते आणि कंपनी लई गोड असते. ती कंपनी कापली तर सुधाकर नुसता मूर्ख दिसतोय. आणि तळीराम मरायला टेकलाय, उशाशी डॉक्टर आणि वैद्य एकमेकांशी भांडतायत, तो प्रवेश तर कुणी ठेवतच नाही. मी ठेवतो. लोक हसतात, आणि मग एकदम गप होतात कारण खाटेवरचा माणूस खरंच चाललाय.

त्यापेक्षा पदं कापा की. हे म्हटलं की संगीतप्रेमी मंडळी माझ्या अंगावर येतात, येऊ देत. आमचं कोल्हापूर गाण्याचं गाव आहे, देवल क्लबात नुसतं मागं बसून ऐकायला मिळालं तरी माणूस शहाणा होईल, मला गाण्याचं वावडं नाही. पण एकच प्यालामधली पदं गडकऱ्यांची नाहीतच, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकरी आजारी होते. 23 जानेवारी 1919 ला ते गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. म्हणजे लेखकानं आपलं सगळ्यात गाजलेलं नाटक स्टेजवर बघितलंच नाही. आता ज्यांना गडकऱ्यांच्या शब्दाला हात लावायचा नाही ते तळीराम कापतात आणि गुर्जरांची पदं आलापासकट ठेवतात, हे मला कधी समजलेलं नाही.

दुसरी एक पार्टी आहे, ती म्हणते काहीच बदलू नका, पाप लागेल. त्यांना मी नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं उदाहरण देतो. हा माणूस आपल्या शेजारचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. यानं शेक्सपिअरचा ऑथेल्लो उचलला आणि त्याचा झुंझारराव केला. फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा हे गद्य नाटक 1893 चं, त्याचंच पुढं पदं घालून संशयकल्लोळ झालं, ते रंगभूमीवर आलं 1916 साली. ते मूळ कथानकही बाहेरचं, इंग्रजीतनं आलेलं आणि त्या इंग्रजीवाल्यानं फ्रेंचमधनं घेतलेलं. म्हणजे लेखक स्वतः आपल्या नाटकात वीसेक वर्षांनी परत हात घालतोय आणि आपण त्याला सोवळ्यात ठेवणार!

आता मी सध्या जे वाचतोय ते सांगतो, शारदा. देवलांचंच, 1899 चं नाटक. म्हातारा भुजंगनाथ, पैसेवाला, परत लग्न करायला निघालाय. कांचनभट आपली लहान पोर पैसे घेऊन द्यायला तयार. आणि दोघांच्या मधी भद्रेश्वर दीक्षित, जमवाजमवी करणारा. शेवटी वधूवर सगोत्र निघतात म्हणून भर मांडवात लग्न मोडतंय. (बालविवाह रोखणारा शारदा कायदा ह्या नाटकावरनं आला असं अजून पुष्कळ लोक छातीठोक सांगतात. तो हरबिलास सारडांच्या नावावरनं आला, 1929 ला. नाटकाचा मोठेपणा त्यानं कमी होत नाही.) आमच्या गायकनट केशवराव भोसल्यांनी लहान वयात हीच शारदा करून नाव कमावलं. विचार करा, एक पोरगा, गळा असला की लोक वेडे व्हायचे, आणि तो स्टेजवर उभा राहून म्हाताऱ्याशी लग्न लावलं जाणाऱ्या पोरीची भीती गातोय.

शारदा करतोय म्हटल्यावर एकानं सुचवलं, सर जरठ-कुमारी विवाह आता कुठं राहिलाय, विषय संपला. दुसरा म्हणाला भद्रेश्वरच्या हातात मोबाईल द्या, मागं प्रोजेक्टरवर मॅट्रिमोनीची वेबसाईट दाखवा, रिलेव्हंट होईल. दोघांना पण मी एकच सांगितलं, बाबांनो जरा करवीर सोडून आत गडहिंग्लज, आजरा, भुदरगडला जाऊन या. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, पस्तिशी उलटली, घरचे हवालदिल, आणि मग कोणतरी एक गोड बोलणारा माणूस येतोय, आमच्या बघण्यात एक स्थळ आहे म्हणतोय, लांबच्या जिल्ह्यातलं, नाहीतर दुसऱ्या राज्यातलं. निम्मे आधी द्या, निम्मे हळदीला. पोरीच्या बापाला त्यातनं किती जातात, ह्याला किती राहतात कोण विचारत नाही. कधी आठ दिवसांत नवरी दागिन्यांसकट गायब, कधी पोरगी अठराची पण नसते. हे पेपरात वाचतो की आपण. देवलांनी सव्वाशे वर्षांपूर्वी त्या माणसाला पगडी घातली होती एवढाच फरक. त्याच्या हातात मोबाईल कशाला द्यायचा? मागं एकदा तालुक्याच्या ठिकाणी प्रयोग लावला होता, साधा धोतर-पगडीतला भद्रेश्वर, तो भुजंगनाथाला घोळात घ्यायला लागला आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतनं एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "आला बघ आमच्या गावचा." सगळं थिएटर फुटलं. प्रोजेक्टर लावला असता तर ते आजोबा प्रोजेक्टर बघत बसले असते.

लोकांना बोट धरून आजच्या काळात आणावं लागत नाही, ते आजच्याच काळात बसलेले असतात.

भाषेचं म्हणाल तर तो मोठा विषय आहे. आमची पोरं कोल्हापूरची, तोंडात "काय लावलंईस", आणि समोर गडकऱ्यांचं वाक्य अर्ध्या पानाचं. पाठ करून म्हणतात तेव्हा वक्तृत्व स्पर्धा वाटते. मी पहिले काही दिवस पुस्तक बंदच ठेवायला लावतो. प्रसंग सांगतो आणि म्हणतो, तुझ्या भाषेत भांड. एकदा सिंधूचं काम करणारी पोरगी, शिवाजी पेठेतली, शेवटच्या अंकाच्या तालमीत चिडली. सिंधू नवऱ्याला वाचवायला फौजदारापुढं खोटं सांगते, तो प्रवेश. म्हणाली, "सर मला हे पटतच नाही, त्यानं पोर मारलंय, मी असतो तर तिथंच सांगून मोकळा झालो असतो." मी म्हटलं पटवून घेऊ नकोस, तू सतीसावित्रीचं काम करू नकोस, खोटं बोलणाऱ्या बाईचं काम कर. मरायला टेकलेली बाई खोटं रचतीया, ते पटेल असं रचायला पाहिजे, घाई आहे, श्वास पुरत नाही. आणि मला एवढंच सांग, बोलताना बघतीस कुणाकडं? ती दोन दिवस फौजदाराकडं बघून बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं फौजदाराला उत्तर दिलं आणि नजर मात्र सुधाकरवर ठेवली, सरळ, पापणी न हलवता. सुधाकरचं काम करणारा पोरगा आमचा दांडगा, कुस्तीच्या तालमीतला गडी, त्याला उभं राहता येईना. त्या नजरेनंतर त्यानं विष घेतलं तर कुणाला प्रश्न पडत नाही. ह्यातलं एक अक्षर मी बदललेलं नव्हतं.

जात्याचं पण सांगतो, कारण त्यावरनं आमच्याच ग्रुपमध्ये वाद झाला होता. सिंधू दळण दळते. सेटवाला म्हणाला थर्माकोलचं करतो, उचलायला हलकं. मी खरं जातं आणायला लावलं, उत्तरेश्वर पेठेतल्या एका घरी परसात पडलेलं होतं, दोघं-तिघं लागले आणि टेम्पो. जोंधळे पण खरे. थर्माकोलचं जातं फिरवताना नटी रडण्याचा अभिनय करत राहते कारण हाताला काय कामच नाही. दगडाचं फिरवताना खांदा ओढतोय, वाक्य मधीच तुटतंय, खुंटा आपल्याकडं आला की शब्द बाहेर पडतोय आणि लांब गेला की थांबतोय. रडायला सवडच मिळत नाही. पीठ खाली सांडायला लागलं की पुढच्या रांगेतल्या बायका अंग चोरून बसतात, त्यांच्या आया-आज्ज्यांचं घरोट त्यांना ऐकू येत असणार. वर फळीवर घासल्याचा आवाज असा घुमतोय की पार्श्वसंगीतवाल्याला मी त्या प्रवेशापुरती सुट्टी दिली, तो अजून माझ्यावर रुसलाय.

घुमण्यावरनं आठवलं. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र इथल्या कुठल्या माणसाला सांगायला नको. केशवरावांची जयंती दुसऱ्या दिवशी आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग कुस्तीचं मैदान. तिथं मागच्या रांगेपर्यंत माणसाचा साधा आवाज पोचवायला शिकलो आम्ही, माईकविना. लगेच सगळ्यांची एकच मागणी, जसंच्या तसं बांधा. माझी पण तीच. पण जसंच्या तसं म्हणजे कुठलं? 1915 चं का आगीच्या आदल्या दिवशीचं? मधल्या काळात नाव बदललं, खुर्च्या बदलल्या, लाईट बदलली, दुरुस्त्या झाल्या. मला विचाराल तर खुर्च्या कुठल्या पण घाला, रंग कुठला पण मारा, तो आवाज परत आला पाहिजे. नाटक कापताना पण मी हेच बघतो, कशाच्या जोरावर आवाज मागपर्यंत जातोय ते शोधायचं आणि तेवढं सोडून बाकीच्याला खुशाल हात लावायचा.

एका परीक्षकांनी मागं आमच्या प्रयोगावर शेरा मारला होता, जुनाट हाताळणी. नाव घेत नाही. त्याच स्पर्धेत एक प्रयोग असा होता की शास्त्रोक्त नांदीवर धूर सोडला आणि लेझर मारले, त्याला नावीन्याबद्दल कौतुक. मला लेझरचा राग नाही, घाशीराम कोतवाल नाटकात माणसांचाच पडदा केला तेव्हा, 1972 मध्ये, ते पण लोकांना नवीनच होतं. पण तो माणसांचा पडदा उघडमीट करत होता, लपवत होता, दाखवत होता, पुण्याच्या ब्राह्मणांची ती रांगच नाटक होती. धुराचं काय काम होतं हे मी त्या दिग्दर्शकाला विचारलं तर म्हणाला, सर फील येतो.

नटसम्राटचं विचारणारे तर दर महिन्याला भेटतात. प्रत्येकाला त्यातला म्हातारा नट बेलवलकर करायचाय, स्वगतं पाठच असतात, चहाच्या टपरीवर पण म्हणून दाखवतात. मी विचारतो त्याची बायको कावेरी कोण करणार? ते ठरलेलं नसतंय. मग मी पुढं बोलत नाही.

तर शारदाचं वाचन सुरू करतोय. शारदा करायला पोरी भरपूर आहेत, गाणाऱ्या पण आहेत, नायक कोदंडासाठी तर दाढीवाले सहा-सात जण आत्ताच मेसेज करून बसलेत. भुजंगनाथ मिळालाय. अडलंय ते भद्रेश्वर आणि कांचनभटावर, कारण ही कामं छोटी वाटतात आणि बापाचं काम करायला कुणाला नको असतंय, घरात पोरगी असली की तर नकोच. पन्नाशीच्या आसपासचा, गोड बोलणारा, समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून बोलायची सवय असलेला कुणी ओळखीत असेल तर कळवा. नाटकाचा अनुभव नसला तरी चालेल, जमिनीच्या व्यवहारात असेल तर आणखी बरं.