कावळा आणि नीटचे 360 मार्क

आमच्या पोराचा आवाज दिवाळीत फुटला. "मम्मे, भूक लागली" यातलं मम्मे बारीक आणि भूक डायरेक्ट ट्रॅक्टर. बायको म्हणली, पोरीचं मी बघितलं, पोराचं आता तुम्ही बघा. जसं काय पाण्याचा जार भरून आणायचाय.

तर मी खरंच जारच्या निमित्तानं त्याला स्कूटीवर घेतलं. लातुरात अवघड गोष्टी पाण्याच्या निमित्तानंच निघतात. जार पायापाशी, पोरगं मागं, एकमेकाच्या तोंडाकडं बघायची भानगड नाही. म्हणलं, "हे बघ बाळा, फुलात परागकण असतात..." "पप्पा, हे झालंय शाळेत." मग औसा रोड येईपर्यंत मी नुसता हॉर्न वाजवला.

मला तरी कुणी सांगितलं होतं? आमचे सर त्या धड्यापाशी आले की "हे घरी वाचा". 2007 ला शाळेत लैंगिक शिक्षण येणार म्हणेपर्यंत राज्यभर गोंधळ होऊन ते पण थांबलं. आणि घरी काय, तर आई महिन्यातनं चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बसायची, का म्हणून विचारलं की कावळा शिवला. मी एवढा येडा की गलोल घेऊन दोन दिवस लिंबाखाली दबा धरून बसलो, त्या कावळ्याला पाडायचाच म्हणून.

घरी आलो तर पोरगी नीटच्या अभ्यासात. माझं तोंड बघूनच तिला कळलं. "सरका पप्पा. रिप्रॉडक्शन स्कोअरिंग चॅप्टर आहे, बायोलॉजीलाच 720 पैकी 360 मार्क असतात." आणि भावाला समोर बसवून सुरूच झाली, पोरांचं हे 9 ते 14 मध्ये कधीपण सुरू होतं, टेस्टोस्टेरॉननं स्वरयंत्र वाढतं म्हणून तुझा आवाज फाटायलाय, वर्गातल्या एखादीच्या ड्रेसवर डाग दिसला तर दात काढायचे नाहीत, गपचूप तुझं जॅकेट द्यायचं.

"धुवून देईल का ती?"

"चड्डीचं तेवढं तुम्ही सांगा पप्पा, ते सिलॅबसमध्ये नाही."

मी पंख्याकडं बघत एका दमात म्हणलं, की रात्री झोपेत चड्डी ओली झाली तर ते मुतणं नसतंय, सगळ्यांना होतंय, घाबरायचं नाही, लपवायचं नाही, बादलीत टाकायची. पंख्यावर लई धूळ होती.

बाजंवर आई तूर निवडत बसलेली. आम्हाला वाटायचं तिला ऐकू येत नाही.

"तुझ्या बापानं माझ्यापायी एक कावळा खरंच पाडला होता रं," ती नातवाला म्हणली.

"कावळा? कशामुळं?" पोरानं दोन्ही आवाजात विचारलं.