गोळ्या मोजायच्या नसतात

घरात निवृत्त फौजी असेल तर वेदनाशामक गोळ्यांचा साठा कसा करावा, हे माझ्याकडून शिका. आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या घरी अकरा महिन्यांत बिस्किटांचा अख्खा डबा भरलाय.

डॉक्टरांना काही विचारू नका. दर खेपेला नवे असतात, बिचारे गोंधळतात.

'रिपीट' हा शब्द मात्र पाठ करा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या वर्गातली, सवय लावणारी वेदनाशामक गोळी, दहा दिवसांसाठी लिहिली होती. दहा! गेल्या मंगळवारी सकाळची कदंब बस पकडून माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो, टोकन घेऊन दोन तास बसलो, आणि पिशवीत पुन्हा महिनाभराची तीच पाकिटं. वर झोपेची गोळी. "ही बंद करायची होती," म्हटलं, तर खिडकीतला म्हणतो, "सिस्टीममध्ये आहे, मिळणारच." डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "सुभेदारसाहेबांची काही तक्रार?" तक्रार कशी असेल? गोळी चुकली की त्यांना घाम फुटतो, पाय तळमळतात, सुनेवर खेकसतात. ज्या माणसाने उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, तो! घेतली की तोल जातो. महिन्यात दोनदा न्हाणीत पडले.

संध्याकाळी कँटीनची रम आहेच. गोळी आणि रम मिळून श्वास मंदावतो. घोरणं थांबलं की गाढ झोप लागली समजा.

उरलेल्या गोळ्या उघड्यावरच ठेवा, चवथीला भाचेमंडळी येतात.

कायद्याची भीती नको. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पण ते बाजारातल्या मेडिकलवाल्यासाठी. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने २०१३ मध्ये असल्या गोळ्या कमी करायची मोहीम काढली, ती हात पोळल्यावर. आपले कुठे पोळलेत?

अहो साहेब, फायरिंगनंतर एक रिकामं काडतूस कमी भरलं तर अख्ख्या कंपनीला गवतात रांगायला लावता ना? बाबाच सांगतात. मग ही गोळी कोण मोजणार? दहा दिवसांचे अकरा महिने झाले, हे तुमच्याच स्क्रीनवर लिहिलंय. वाचा की! आणि आता घाबरून एकदम तोडू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो. हे मी वाचून तुम्हाला सांगायचं?

सोमवारी डबा घेऊन येतोय. खिडकीवर ओततो, मोजून घ्या.