बिनमुंडक्याची बाई म्हणे!

आज दुपारी पोराला सगळ्यांसमोर ओरडले. आता वाईट वाटतंय, पण राग पूर्ण गेलेला नाही म्हणून इथे लिहितेय.

इंग्लंडात स्टोकजवळ किड्सग्रोव्हला ट्रेंट अँड मर्सी कालव्याचा हेअरकॅसल बोगदा आहे. तिथलं पाणी दगडातल्या लोखंडाने गंजासारखं केशरी झालेलं असतं. तिथे एकजण पोरांना रंगवून सांगत होता, आत बिनमुंडक्याची बाई फिरते, बोगार्ट म्हणतात, खून झालेला तिचा, आणि खो खो हसणं. झालं, आमच्या आठ वर्षांच्या दिवट्याने जॅकेट डोक्यावर ओढलं आणि लागला नाचायला.

अरे भीतीच घालायची तर खरं सांगा ना. 1777 ला उघडलेल्या त्या जुन्या बोगद्यात घोड्याला वाटच नव्हती, घोडा डोंगरावरून जायचा आणि माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय रेटत अडीच किलोमीटरच्या वर बोट ढकलायची, मिट्ट काळोखात!

आणि बाई. ही भुताची गोष्ट क्रिस्टिना कॉलिन्सच्या खुनावरून निघाली असं बरेच जण म्हणतात. 1839 चा जून, वय 37, नवरा लंडनला म्हणून लिव्हरपूलहून मालाच्या बोटीने निघालेली, कारण ते स्वस्त. बोटीवरचे पुरुष दारू पिऊन त्रास देत होते. वाटेत स्टोन गावाला तिने कालव्याच्या माणसाला सांगितलं की मला यांची भीती वाटते. तो म्हणाला, पोचल्यावर तक्रार करा. पोचल्यावर! 17 जूनला पहाटे रूजलीजवळ पाण्यात सापडली ती. 1840 मध्ये दोघांना फाशी झाली.

दोन वर्षांपूर्वी आई आली होती तेव्हा तिला रूजलीच्या चर्चमधली कबर दाखवायला नेलं. गावातल्या लोकांनी पदरचे पैसे घालून दगड बसवलाय. मी तिला मराठीत वाचून दाखवलं. फाशीचं ऐकून आई काही बोलली नाही, एवढंच विचारलं, "आणि तो स्टोनचा? त्याला काय केलं?"

काय सांगणार.

परतताना गाडीत म्हणाली, आमच्या माहेरच्या विहिरीत हडळ आहे म्हणायचे ना, ती हडळ नव्हती गं, माझ्या वर्गातली होती. आणि तिचं नाव घेतलं. इतकी वर्षं मी ती गोष्ट ऐकत होते, नाव पहिल्यांदा ऐकलं, तेही आईने खिडकीबाहेर बघत, हळू.

बरं, भुताची गोष्ट नसती तर मीपण क्रिस्टिना कोण ते शोधलं नसतं, मान्य. आणि पोराला काय कळतंय, त्याला जॅकेट डोक्यावर घ्यायला निमित्त हवं. पण तो सांगणारा पन्नाशीचा होता हो, त्यालाही निमित्तच हवं?

रात्री झोपताना पोराने विचारलं, तिला पोहता येत नव्हतं का? मी म्हटलं माहीत नाही रे. मग म्हणाला, तो स्टोनमधला माणूस तिच्याबरोबर का नाही गेला?

आजीवर गेलाय.

उद्या शाळा आहे आणि जॅकेटला तो केशरी चिखल लागलाय, दोनदा धुतलं तरी निघत नाहीये.