‘पाच मिनिटांच्या कामा’विषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

खराब झालेल्या पार्टिशनमधून, म्हणजे हार्ड डिस्कच्या कप्प्यातून, डेटा परत कसा मिळवावा, या माझ्या लेखावर ‘जुना वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा : विंडोजची डिस्क तपासण्याची आज्ञा चेकडिस्क, तिला दुरुस्तीसाठीचा स्लॅश एफ लावून, चालवली की पाच मिनिटांत काम होते; आधी सबंध डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा, ती ठेवायला तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क विकत आणा, असे सांगणे म्हणजे सामान्य माणसाला घाबरवणे आहे; असे लेख रिकव्हरीवाल्यांचे दलालच लिहितात; प्रतिक्रिया देणारे स्वतः कित्येक वर्षे चेकडिस्कच वापरत आले आहेत आणि त्यांचे काहीही गेलेले नाही; शिवाय लेखात एसएसडीबद्दल अवाक्षर नाही, आणि शीर्षकातली उद्गारचिन्हे हास्यास्पद आहेत.

उद्गारचिन्हांपासून सुरुवात करतो, कारण त्या मुद्द्यावर आपले म्हणणे मला मान्य आहे. शीर्षकात दोन होती, एकाचीही गरज नव्हती. आज दोन्ही काढून टाकली आहेत. ‘दलाल’ या शब्दाबद्दल मात्र बोलावेच लागेल. ज्या लेखात टेस्टडिस्क, फोटोरेक आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या डेटा परत मिळवण्याच्या तीनच साधनांची शिफारस आहे, ज्यांतली पहिली दोन ख्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी आणि तिसरे अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहून जगाला फुकट वापरायला दिले आहे, त्या लेखाच्या लेखकाला दलाली नेमकी कोण देणार, याचा आपण क्षणभर विचार केला असता तर बरे झाले असते. मतभेद जरूर असावेत. पण समोरच्याच्या हेतूवर शिंतोडे उडवून सुरुवात केली की पुढचा मुद्दा बरोबर असला तरी तो ऐकून घ्यायची इच्छा उरत नाही, आणि इथे तर पुढचा मुद्दाही बरोबर नाही.

तो मुद्दा म्हणजे ते पाच मिनिटांचे वाक्य. माझा लेख पार्टिशन खराब झाल्याविषयी होता, एवढे तरी आपण वाचले असावे असे धरून चालतो. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) असलेल्या डिस्कवर मुख्य पार्टिशनांची नोंद अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असते, आणि त्यातही तिला मिळालेली जागा फक्त ६४ बाइट : प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. १९८३ सालच्या डॉस २.० पासून ही रचना चालत आलेली आहे. त्या ६४ बाइटवर काही भलतेच लिहिले गेले की विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट ती सगळी जागा ‘अनअलोकेटेड’ दाखवते. नोंद शाबूत राहून पार्टिशनचा बूट सेक्टर, म्हणजे त्याचा स्वतःचा पहिला सेक्टर, गेला असेल, तर ‘रॉ’, म्हणजे फाइल सिस्टीम ओळखता न आलेले, असे दाखवते आणि फॉरमॅट करायला सुचवते. दोन्ही प्रसंगी फोटो, हिशेब, पत्रव्यवहार जिथल्या तिथे असतो. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. पण पहिल्या प्रसंगी ड्राइव्हला सी, डी असे लेटरच नसते, म्हणजे आपली आज्ञा कशावर चालवायची हाच प्रश्न येतो, आणि दुसऱ्या प्रसंगी रॉ ड्राइव्हसाठी आपण उपलब्ध नाही असे चेकडिस्क स्वतःच सांगून हात वर करते. माझ्या लेखातल्या मुख्य दुखण्यावर आपला उपाय, थोडक्यात, सुरूच होत नाही.

बरे, पार्टिशन दिसते आहे पण फोल्डर उघडताना अडखळते आहे, असा तिसरा प्रसंग घेऊ. चेकडिस्क चालते ती इथे, आणि लेखात मी तिला मनाई केली ती याच प्रसंगासाठी. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलची नोंद एमएफटी नावाच्या तक्त्यात असते, बहुधा १०२४ बाइटची. फोल्डरच्या सूचीत फाइलचे नाव आहे, पण तक्त्यातली तिची नोंद बिघडलेली आहे, असे आढळले की चेकडिस्क त्या फाइलचा शोध घेत बसत नाही. सूचीतून तिचे नाव खोडते आणि दोन्हीकडचा हिशेब जुळवून टाकते. पडद्यावर ‘डिलीटिंग इंडेक्स एंट्री’ अशी ओळ येते, तिच्यात त्या फाइलचे नाव असते, मग तशीच दुसरी ओळ, मग तिसरी, आणि शेवटी दुरुस्ती झाल्याचा संदेश. उलट ज्यांची नोंद आहे पण ज्यांचे फोल्डर सापडत नाही, अशा फाइली ‘फाउंड.०००’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये क्रमांक लावून टाकल्या जातात. फाइल सिस्टीम सुसंगत करणे हे चेकडिस्कचे काम आहे, आपला डेटा वाचवणे हे नव्हे. आणि स्वतःचे काम ती चोख करते. तिने केलेले पूर्ववत करण्याची सोय नाही. टेस्टडिस्क निदान आपण ‘राइट’ म्हणेपर्यंत डिस्कवर काही लिहीत नाही, आणि त्याआधी ‘पी’ दाबून सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइलींची यादी पाहू देते.

‘माझे काही गेलेले नाही’ हा अनुभव आपण पुरावा म्हणून मांडला आहे, तेव्हा माझाही अनुभव मांडण्याची मुभा असावी. मास्टर-स्लेव्हचे जंपर नखाने ओढून काढावे लागत, त्या विंडोज ९८ च्या काळापासून मी डिस्का हाताळतो आहे. एका तालुक्याच्या गावचे लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ आपली एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा तिच्यावर एका दुकानात आधी स्लॅश एफ आणि नंतर खराब सेक्टर शोधणारा स्लॅश आर असे दोन्ही प्रयोग झालेले होते. फाउंड.००० मध्ये काही फाइली होत्या. बाकीच्या फोटोरेकने खणून काढल्या. पण फोटोरेक फाइल ओळखते ती तिच्या आतल्या खुणांवरून, त्यामुळे मूळ नाव आणि फोल्डर मिळत नाही. ‘एफ’ आणि पुढे सेक्टरचा आकडा, एवढेच नाव. तारखेवरून लावावे म्हटले, तर भर लग्नसराईत एकाच मुहूर्तावर दोन कार्यालयांत त्यांचे एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे चालू होते. शेवटी त्या गृहस्थांनी माझ्या टेबलाशी बसून, नवरीच्या शालूच्या रंगावरून दोन्ही घरांचे फोटो वेगळे केले. पंगतीच्या फोटोंत नवरी नसल्याने ते बरेचसे तसेच राहिले. आधी इमेज काढलेली असती, तर निदान चेकडिस्कने खोडलेली नावे तिच्यात पाहता आली असती. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. आपल्यासारखाच त्यांनाही पाच मिनिटांचा भरवसा होता.

आणि पाच मिनिटे ती कुठली? त्या दुकानात लावलेली स्लॅश आर तर सबंध व्हॉल्यूम सेक्टर-सेक्टर वाचते. सेकंदाला १०० एमबी असा धडधाकट वेग धरला तरी एक टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात, आणि ज्या डिस्कच्या स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत, ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा (वाचता न आलेल्या सेक्टरांचा) आकडा वाढतो आहे, ती हा वेग देत नाही; एकेका सेक्टरवर अडून बसते, आणि त्याच धडपडीत हेड उरलीसुरली मान टाकतात. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेली जागा मागे ठेवते आणि कुठवर आलो ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवते, म्हणून वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागत नाही. इमेज आधी काढा म्हणतो ते यासाठी. ही भीती घालणे वाटत असेल, तर माझा नाइलाज आहे.

दुसऱ्या डिस्कचा खर्च ज्याचा त्याने पाहावा. ज्याला आपला डेटा डिस्कहून स्वस्त वाटतो, त्याने खुशाल चेकडिस्क चालवावी. एसएसडीवर फाइल पुसली की पुसलेली जागा मोकळी करणाऱ्या ‘ट्रिम’ या आज्ञेमुळे ती जागा बहुधा लवकरच रिकामी होते, म्हणून तिथले शास्त्र वेगळे आहे आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता; शीर्षकात ‘हार्ड डिस्क’ असे स्पष्ट लिहिले होते, फक्त उद्गारचिन्हे पाहणाऱ्याच्या ते नजरेतून सुटू शकते.

राहता राहिले आपले ‘काहीही गेलेले नाही’. चेकडिस्कचा अहवाल विंडोज जपून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या अ‍ॅप्लिकेशन विभागात जावे आणि ‘चेकडिस्क’ किंवा, संगणक सुरू होताना ती चालली असल्यास, ‘विनइनिट’ या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. त्यांत ‘डिलीटिंग इंडेक्स एंट्री’ ही ओळ एकदाही नसेल, तर तो अहवाल आपण इथे प्रतिक्रियेत जसाच्या तसा द्यावा. मी तो लेखाखाली छापीन. आणि असेल, तर त्या ओळीतले फाइलचे नाव ओळखीचे वाटते का, तेवढे कळवावे.